तबकातून वर आलेला अंगठा

बाळांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी थोरलीनं फोनवर एक फोटो पाठवला. तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात भारतीय चित्रकलेवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे, त्यातल्या एका पानाचा. खाली तिनं कौतुकानं लिहिलं होतं, "आजी, ही आपली आत्याआजी ना? बाबा म्हणाले. किती देवभोळी दिसते!" फोटोत एक तरुण मुलगी उभी आहे. कपाळावर ठसठशीत कुंकू, डाव्या हातात पूजेचं पितळी तबक, उजव्या हातात पेटत्या उदबत्त्या, डोळे अर्धवट मिटलेले. चित्राचं नाव छापलंय, "पूजेला निघालेली".

मी चष्मा काढून ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली. राग आला की मी भांडी घासते, हे तुमच्या बाबांना विचारा. राग तुमच्यावर नाही. तुम्हाला कुठून ठाऊक असणार? ज्यांना ठाऊक होतं त्यांनी हे छापू दिलं, आणि आता ते समुद्रापलीकडच्या ग्रंथालयात जाऊन बसलं. आत्याआजी गेली, ज्यांनी ते चित्र काढलं ते मास्तरही गेले. चित्र तयार होत असताना तिथं बसलेली मी एकटीच उरले आहे. म्हणून आता लिहिते. आयुष्यभर शिकवलं, त्यामुळे क्रमानं सांगायची सवय आहे, तशीच सांगते.

सर्वांत आधी एवढं पक्कं लक्षात ठेवा की ती मुलगी कुठल्याही पूजेला निघालेली नव्हती. ती चित्र काढत होती.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. मी जबलपूरहून लग्न होऊन नागपूरला धंतोलीच्या घरात आले तेव्हा ती चित्रकलेच्या शाळेत शिकत होती. साठचं दशक संपत आलं होतं. सासऱ्यांची नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग होती. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी नागपुरात घर केलं होतं आणि स्वतः एसटीनं जाऊन-येऊन असत. सासूबाई मात्र नागपुरात राहूनही गावच्याच राहिल्या. मुलगी चित्रं काढते याचं त्यांना वावडं नव्हतं. "रांगोळीच हाय ते, पुसत नाही एवढंच," असं त्या शेजारणींना सांगत. आणि मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, मुलींच्या एका शाळेत शिकवणारी सून.

त्याच शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते, कामठीचे. मुंबईला शिकून आले होते. तिथं जम बसला नाही म्हणून परत आले आणि आमच्या मुलींना फुलदाणी आणि पेरू काढायला शिकवू लागले. आपली खरी चित्रं ते घरी काढत, आणि कधी एखादं शाळेत घेऊन आले की शिक्षकांच्या खोलीत हसू पिकायचं. झाडाची सावली निळी, कामठीचा रस्ता जांभळा आणि माणसाच्या हनुवटीखाली चक्क हिरवा रंग.

"मास्तर, या बाईला कावीळ झाली का हो?" गणिताच्या बाई विचारायच्या.

"कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, बाई," मास्तर म्हणायचे. "तुम्हाला हिरवं दिसतंय, म्हणजे तुमची तब्येत उत्तम आहे."

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या काही चित्रकारांनी ठरवलं होतं, की नुसता उजेड टिपून भागत नाही. रंग आपल्याला जाणवेल तो लावावा, आकार ठळक रेषेनं बांधावा, ब्रशचा फटकारा लपवू नये. मराठीत त्याला उत्तर-दृक्प्रत्ययवाद असा दातांना कष्ट देणारा शब्द आहे. मास्तर त्या वाटेचे. त्यांनी ती चित्रं पुस्तकातल्या छापील पानांवरच पाहिली होती, पण निळ्या रेषेनं बांधलेलं विदर्भाचं ऊन हे त्यांचं स्वतःचं होतं. ते चांगले चित्रकार होते. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे त्यावरून तुम्ही उलट समजाल.

माझ्या नणंदेला त्यांची चित्रं मीच दाखवली. तिनं एकेक चित्र खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिलं. मग म्हणाली, "वहिनी, यांना सांग, माझं चित्र काढायचं असेल तर काढा. पण मी नुसती बसणार नाही. मी त्यांचं काढीन."

अशा त्या रविवारच्या सकाळी सुरू झाल्या. थंडी सरत आलेली, आमच्या घराची गच्ची, समोरासमोर दोन घोडे. चित्राचा कॅनव्हास ज्या तिकाटण्यावर ठेवतात त्याला घोडा म्हणतात. मास्तर तिला रंगवत होते आणि ती मास्तरांना. सासूबाईंची अट होती की सुनेनं तिथं बसलंच पाहिजे, म्हणून मी निबंध तपासत बसायचे. मग त्या स्वतःही चहा घेऊन वर यायच्या आणि संत्री सोलत बसून राहायच्या.

"काहून वं सूनबाई," एकदा त्या मला हळूच म्हणाल्या, "हे दोघं एकमेकाइकडे डोळे बारीक करून पाहून राहिले, अन् बोलत कोनीच नाही. हे चित्र हाय का भांडण?"

डोळे बारीक करून, हे मुद्दाम सांगते. चित्रकार डोळे किलकिले करतात. तसं केलं की बारीकसारीक काही दिसत नाही, फक्त उजेड कुठं आणि अंधार कुठं तेवढं उरतं. ज्या डोळ्यांना पुढं मोठमोठ्या लोकांनी भक्तीनं मिटलेले डोळे म्हटलं, ते माझी नणंद मास्तरांच्या जबड्याचा अंदाज घेत असतानाचे डोळे आहेत.

चित्र पूर्ण झालं तेव्हा असं होतं. ती घोड्यापाशी उभी. डाव्या हातावर पॅलेट, म्हणजे रंग कालवायची लाकडी फळी. तिला भोक असतं, त्यातून अंगठा वर काढून ती पेलतात. पॅलेटवर रंगांचे गोळे. उजव्या मुठीत ब्रश. मागं गच्चीचा कठडा आणि कडुनिंब, तो निळा. कपाळ रिकामं, कारण ऊन चढलं की ती पदरानं घाम पुसायची आणि कुंकू पुसलं जायचं. मास्तरांनी दिसलं तसं रंगवलं. चेहऱ्यावर थोडा वैताग, कामाच्या मध्ये कुणी हाक मारल्यावर येतो तसा. मी तिला स्वयंपाकघरात, देवघरात, पाहुण्यांत, सगळीकडे पाहिलं होतं. इतकी ती स्वतः कुठंच दिसली नव्हती.

"हे तुझं," मास्तर माझ्यासमोर तिला म्हणाले. "आणि तुझं मला दे."

तिचं चित्र मला विचाराल तर दोन्हींत सरस होतं. मास्तरांचा तोरा आणि त्यामागची भीती, दोन्ही त्यात उतरली होती. थोड्याच दिवसांत मास्तरांना मुंबईला संधी मिळाली आणि त्यांनी शाळा सोडली. निरोप घ्यायला आले तेव्हा तिनं चित्र गुंडाळून तयार ठेवलं होतं. "अजून ओलं असेल गं, रेल्वेत कुठं नेऊ? पुढच्या खेपेला नेतो," असं म्हणाले. पुढच्या खेपा झाल्या. चहा झाला, चिवडा झाला. चित्र त्यांनी मागितलं नाही. तिनंही आठवण केली नाही.

मास्तरांनी काढलेलं चित्र सासऱ्यांनी दिवाणखान्यात लावलं. त्यांना त्याचा अभिमान होता. मग वर्ध्याकडचं एक स्थळ आलं. मुलाकडची मंडळी पोहे खात बसली होती. मुलाच्या मामांची नजर भिंतीवर गेली.

"हे कोन हाय?"

"आमचीच मुलगी," सासरे म्हणाले.

"फोटो हाय का?"

"चित्र. हातानं काढलेलं."

"कोनाच्या हातानं?"

सासऱ्यांनी मास्तरांचं नाव सांगितलं. मामांचा घास हातातच राहिला. "म्हणजे पोरगी त्या मास्तरापुढं उभी होती?"

"आम्ही सारे होतो ना गच्चीवर," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "सून होती, मी बी होती."

"असान. पन पाहा ना गा, पाहून कशी राहिली," मामा आपल्या मंडळींकडे वळून म्हणाले. "जशी बैलबाजारात दात मोजून राहिली."

सगळे हसले. तेवढ्यात माझी नणंद चहाचा ट्रे घेऊन आली होती. ती म्हणाली, "दात नाही मामाजी, जबडा. जबडा चुकला की सारं तोंड चुकते."

नकार आला, हे सांगायला नकोच. त्यानंतर आणखी एका स्थळाची बोलणी सुरू झाली आणि मी तुमच्या बाबांच्या वेळी बाळंतपणासाठी जबलपूरला गेले. बाळाला घेऊन परत आले, दिवाणखान्यात पाय ठेवला आणि भिंतीकडे पाहून जागच्या जागी उभी राहिले.

तुम्हाला एक रीत सांगायला हवी. तेव्हा इतवारी बाजारात फोटो रंगवून देणारे लोक असत. घरातलं माणूस फोटोशिवायच गेलं, तर नेण्याआधी घाईनं काढलेल्या फोटोवर ते मिटलेले डोळे उघडे रंगवून देत. साध्या लुगड्यातल्या बाईला शालू चढवत, नथ घालत, पुरुषाला जरीची टोपी. कुणाला त्यात खोटेपणा वाटत नसे. माणूस चांगला दिसावा, एवढाच हेतू. अशाच एकाला सासऱ्यांनी घरी बोलावलं होतं. चित्र फेकायचं त्यांच्या जिवावर आलं असतं, आणि आहे तसं ठेवायची हिंमत उरली नव्हती. म्हणून त्यांनी ते सजवून घेतलं.

लाकडी पॅलेटचं पितळी तबक झालं होतं. रंगांच्या गोळ्यांची हळद, कुंकू आणि अक्षता. ब्रशांच्या उदबत्त्या, टोकांना लाल ठिणग्या आणि वर धुराची पांढरी वेटोळी. घोड्याच्या दांडीची समई. कपाळावर कुंकू. आणि त्या तबकाच्या मधून अंगठा वर आलेला.

मी रागाच्या भरात बाळाला सासूबाईंकडे देऊन इतवारी गाठली. त्या गृहस्थांना माझ्या रागाचं कारणच कळेना.

"बाई, मी काई खोडलं नाही. सजवलं," ते म्हणाले. "फक्त कपाळ थोडं खरवडलं, रंग धरावा म्हणून."

"आणि अंगठा? तबकातून अंगठा कसा येईल?"

"तो काढला असता तर हात लुळा दिसला असता ना बाई. तेवढा राहू दिला. कोन पाहते?"

घरी सासऱ्यांशी बोलले. आयुष्यात त्यांच्यासमोर आवाज चढवला तो त्याच दिवशी. ते म्हणाले, "काय वाईट झालं सूनबाई? पोरगी आपलीच हाय, चित्र घरात राहिलं. नाही तर माळ्यावर गेलं असतं." आणि तुमचे आजोबा, कोर्टात दिवसभर बोलणारा माणूस, वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. त्यांनाही मी ते कधी माफ केलं नाही, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

माझी नणंद काय म्हणाली विचाराल. मी घरी नसताना तिनं ते पाहिलं होतं. मला म्हणाली, "अंगठा सुटला, वहिनी." बस. नवं स्थळ पसंत पडलं. लग्न होऊन ती पारशिवनीला गेली. जावई भले होते, शेती करून शाळेत शिकवणारे. तिला कुणी चित्र काढू नको असं म्हटलं नाही. फक्त तिच्या दिवसात चित्रासाठी तास उरला नाही, आणि तो कुणी काढूनही दिला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा असतो, त्यात मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. पारशिवनीतल्या पोरांचे बैल ती रंगवायची. निळ्या रेषेत बांधलेले, पोटाखाली हिरवी सावली असलेले बैल. फ्रान्समधल्या त्या मंडळींनी पाहिले असते तर ती उठून उभी राहिली असती. पोरं ते दगडांवरून ओढून संध्याकाळपर्यंत रंग उडवून टाकत.

इकडं मास्तर मोठे झाले. आधी मुंबईत प्रदर्शन, मग दिल्ली, मग परदेश. ज्या हनुवटीखालच्या हिरव्या रंगावर आमची शिक्षकांची खोली हसली, त्यावर वर्तमानपत्रांत लेख येऊ लागले. मला आनंद व्हायचा, खोटं का सांगू? मी कात्रणं कापून पारशिवनीला पाठवायचे.

ऐंशीचं दशक उजाडल्यावर नागपूरकरांना एकदम आठवलं की हे आपले सुपुत्र आहेत. त्यांच्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन ठरलं. आमच्या घरचं चित्र मागायला एक तरुण समीक्षक आला. झब्बा, खांद्याला शबनम पिशवी. तोवर सासरे गेले होते. मी त्याला चहा देऊन सगळं स्पष्ट सांगितलं. ही मुलगी चित्रकार आहे, हे पॅलेट आहे, वरचं काम फोटो रंगवणाऱ्याचं आहे. मास्तरांना दाखवा, ते सांगतील. तो मान डोलावत राहिला आणि निघताना म्हणाला, "फार इंटरेस्टिंग, काकू."

प्रदर्शनाच्या माहितीपुस्तिकेत मुखपृष्ठावर तेच चित्र होतं. आत त्याच तरुणाचा लेख. भारतीय स्त्रीची मूक श्रद्धा पाश्चात्त्य रंगभाषेत कशी फुलली, वगैरे. अंगठ्यावर तर त्यानं अर्धं पान खर्च केलं होतं. तबकाला भेदून वर येणारा तो अंगठा म्हणजे परंपरेतून उगवणारी व्यक्ती आहे, असं त्याचं म्हणणं. मी मुलींचे निबंध तपासून केस पांढरे केलेली बाई. इतकं बिनबुडाचं लिहिणाऱ्या मुलीला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

उद्घाटनाला नणंद एसटीनं आली. चित्रापुढं गर्दी होती. एका बाईनं चपला काढून त्याला नमस्कार केला. नणंद ते पाहत उभी राहिली, मग मला म्हणाली, "वहिनी, मले आता नैवेद्यबी दाखवतील," आणि तोंडाला पदर लावून हसली. पण मास्तरांकडे गेली तेव्हा ती हसत नव्हती. मास्तर मागच्या खोलीत बसले होते, खांद्यावर सत्काराची शाल.

"ओळखलं का मास्तर?"

"अगं, ये ये! तुझ्याच चित्रानं तर सगळ्यांना वेड लावलंय."

"तबक तुम्ही काढलं?"

मास्तरांनी शाल सारखी केली. "नाही."

"मग लोकांना काय सांगता?"

"मी काही सांगत नाही. ते बोलतात, मी ऐकतो."

मला राहवलं नाही. "तुम्हाला कळलं केव्हा?"

"प्रदर्शनाच्या दारातून पाहिलं तेव्हाच," ते म्हणाले. "माझा पिवळा असा मेलेला नसतो. पण बाई, तुम्ही समजून घ्या. दिल्लीच्या सरकारी संग्रहात माझं एकही चित्र नाही. बाकीच्या चित्रांबद्दल ते आज-उद्या करतात. हे एक त्यांनी पक्कं केलंय. या वयात अशी संधी पुन्हा येत नाही."

"मग जाऊ द्या ना दिल्लीले," नणंद म्हणाली. "मी कुठं नाही म्हणते? फक्त खाली लिहा, ही पोरगी चित्र काढून राहिली, अन् वरचं काम दुसऱ्याचं आहे."

"तसं लिहिलं तर ते घेणार नाहीत."

"म्हणजे मी पूजा करत असली तरच त्यांना पाहिजे?"

मास्तर चिडले. "हे बघ, चित्र शेवटी माझं आहे."

"तुम्ही ते तिला दिलंत," मी म्हणाले. "माझ्यासमोर. तिचं चित्र घ्यायचं कबूल करून. ते तुम्ही नेलं नाहीत."

मास्तर थोडे नरमले. नणंदेला म्हणाले, "तुझं ते आहे ना अजून? मी खरंच नेणार होतो."

"बाबांनी बागेत नेलं, विहिरीवर. तैलरंगाचं कापड, आत पाणी जात नाही, म्हणून मोटारीवर झाकलं," ती म्हणाली. "पहिल्या पावसाळ्यात तुमचे कान गेले. दुसऱ्यात तुम्ही पूर्ण गेले."

हे मलाही तेव्हाच कळलं. ती लग्न होऊन गेल्यावर सासऱ्यांनी माळा आवरला होता, त्यात तिची सगळी चित्रं बागेत गेली होती. मोटारीवर, खतांच्या पोत्यांवर, गोठ्याच्या फटींवर. तिला इतकी वर्षं ठाऊक होतं आणि ती गप्प होती. मला त्या खोलीत, त्या शालीसमोर, ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही. अजून वाटतं, ओरडायला हवं होतं.

प्रदर्शन संपायच्या आधी संयोजकांचा माणूस घरी आला. चित्र परस्पर दिल्लीला पाठवायचं आहे, फक्त घरच्यांची संमती हवी, असं म्हणाला. तुमचे आजोबा खुर्चीत होते. ते यावेळी वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "मालकीण पारशिवनीला असते. तिला विचारा." मालकिणीनं कळवलं, "चित्र घरी आणून द्या." संयोजक चिडले. त्यांनी बरीच मनधरणी केली, थोडी धमकीही दिली. मी दारात उभी राहून सांगितलं, की घरचं माणूस परगावी पाठवायचं तर ते माणूस जायला तयार लागतं. चित्र परत आलं.

मग ती राहायला आली. जेवणं आटोपली की माझ्या जेवणाच्या टेबलावर चित्र आडवं ठेवायची आणि काडीला कापूस गुंडाळून, टर्पेंटाइन लावून, नखाएवढ्या तुकड्यावरून वरचा रंग उतरवायची. आधी धूर गेला. मग ठिणग्या. ब्रशांचे केस दिसू लागले. समईखालून घोड्याची दांडी निघाली. तबक उतरवताना ती फार सावकाश जायची. एके दुपारी पॅलेटचा लाल गोळा वर आला आणि ती "हां" असं म्हणाली, जसं कुणी ओळखीचं भेटावं.

सासूबाई शेजारी बसून असत. त्यांना फारसं दिसत नव्हतं, पण वासावरून त्या ओळखत.

"मले तर तेव्हाबी नव्हतं आवडलं," एकदा त्या आपण होऊन बोलल्या.

"मग बोलली काहून नाही, आई?"

"तुह्या लग्नाची चिंता होती वं. बोलून काय झालं असतं?"

नणंदेनं काडीवरचा कापूस बदलला. मग कपाळाची पाळी आली तेव्हा सासूबाईंनी तिचा हात धरला.

"कुकू नको काढू माय. जावई जिवंत हाय. तेवढं राहू दे."

 खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, राहू द्यावं. सगळं निघालं, एवढ्याशा ठिपक्यासाठी म्हातारीला कशाला दुखवायचं? अशाच एकेका "राहू द्या"नं ते तबक झालं होतं, हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"आई," ती म्हणाली, "मी रोज लावते ना? हे पाहा, आताबी आहे." आईचा हात उचलून तिनं आपल्या कपाळाला लावला. "पण त्या दिवशी घामानं पुसलं होतं. तू तिथंच होती, संत्री सोलत."

सासूबाई बराच वेळ तिच्या कपाळावर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "ऊन फार होतं त्या दिवशी," आणि हात मागं घेतला.

कुंकू निघालं. त्याबरोबर खालचा रंगही निघाला, कारण तिथं खरवडलेलं होतं. कपाळाच्या मधोमध कॅनव्हासचं उघडं कापड दिसू लागलं. मी म्हटलं, "ताई, भर ना थोडा रंग. तुला येतं." ती म्हणाली, "येतं. पण हे मास्तरांचं काम आहे वहिनी. त्यांच्या चित्रावर मी हात चालवला तर माझ्यात अन् इतवारीवाल्यात फरक काय?" मास्तरांना निरोप पाठवला, की चित्र स्वच्छ झालंय, येऊन कपाळ भरून द्या.

ते आले नाहीत. काही महिन्यांनी त्यांची मुलाखत छापून आली. आपली सर्वोत्तम कृती एका घरच्या लोकांनी अज्ञानापायी खराब केली, असं त्यात होतं. दुसऱ्या एका वर्तमानपत्रानं मथळा दिला, की जिचं चित्र तिनंच ते विद्रूप केलं. मी संपादकांना खुलासा पाठवला, तो छापला गेला नाही. दुसरा पाठवला, तोही नाही. मास्तरांच्या निधनानंतर त्यांच्या चित्रांची जी अधिकृत यादी निघाली, तिच्यात या चित्रापुढं "नष्ट" असं लिहिलं आहे. फोटो मात्र जुनाच, तबकाचा, कारण त्यांच्याकडं दुसरा नव्हता आणि घ्यायला कुणी आलं नाही. नागपूर स्टेशनवरून रिक्षानं फार वेळ लागत नाही हो आमच्याकडं यायला.

तिनं परत चित्रं काढली का, हे तुम्ही विचाराल. थोडी काढली, पारशिवनीच्या घराच्या मागच्या अंगणात. लहान, कागदावरची. पण हातात जी वर्षं यायला हवी होती ती मधून निघून गेली होती, आणि तिला ते कळत होतं. कुणी कौतुक केलं की ती म्हणायची, "उगाच गोड बोलू नका, मले दिसते ना." मला त्याचा त्रास होतो. मास्तरांच्या खोटेपणापेक्षाही जास्त होतो, कारण त्याला कुणा एकाचं नाव देता येत नाही.

चित्र नष्ट झालेलं नाही. ते माझ्या खोलीत, पूर्वेकडच्या भिंतीवर आहे. पॅलेट दिसतं, त्यावरचे रंग दिसतात, भोकातून आलेला अंगठा दिसतो, मुठीतले ब्रश दिसतात. समईच्या जागी थोडा पिवळा डाग राहिला आहे. कपाळावर रुपयाएवढं उघडं कापड आहे. मागच्या बाजूला मास्तरांच्या अक्षरात तिचं नाव आहे आणि त्यापुढं एकच शब्द, चित्रकार.